हा आकडा कशाचा? (क्वेरीच्या उत्तरातला मेटाडेटा)

डीबीएमएसच्या व्हायव्हात एक प्रश्न हमखास येतो, "मेटाडेटा म्हणजे काय?" आपणही पाठ केलेलं उत्तर फेकतो, "डेटा अबाऊट डेटा, सर." सर मान हलवतात, मार्क पडतात, विषय संपतो. मीसुद्धा हेच सांगून सुटलो होतो. त्या तीन शब्दांचा खरा अर्थ मला मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये कळला, आणि तोही चांगली फजिती झाल्यावर. ती फजिती आधी सांगतो आणि मग धड्याकडे वळतो.

एक सूचना. हा मराठी विभाग असल्यामुळे जावातली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि टेबलमधल्या कॉलमची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत ठेवली आहेत. लॅबमध्ये टाईप करताना नेहमीच्या लिपीत करा, नाहीतर कंपायलर तुमच्यावर रुसेल आणि तुम्ही माझ्यावर!

मानकोली नाक्यावर

ठाण्याहून नाशिक हायवेने निघालं की खारेगावची खाडी ओलांडल्यावर मानकोली नाका येतो. तिथून अंजूर फाट्याकडे वळलात की दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन. दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, जिकडे बघाल तिकडे पत्र्याची छपरं आणि गाळ्यांच्या रांगा. एके काळी हा सगळा पट्टा भातशेतीचा. मुंबईत जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्यांना परवडायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली, पण गोडाऊन काही हलली नाहीत. उलट ऑनलाईन खरेदीच्या मालामुळे वाढतच गेली.

अशाच एका गोडाऊनमध्ये माझे मामा सुपरवायझर आहेत. थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट शोधत होतो तेव्हा मामा म्हणाले, "आमच्याकडे ये. हमालीचा हिशेब अजून हाताने चालतो, तेवढा कॉम्प्युटरवर करून दे." गाड्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर गोडाऊनकडे आधीपासून होतं. त्यातल्या टेबलमधून महिन्याची माहिती उचलायची, टोळीप्रमाणे एकूण वजन काढायचं आणि रिपोर्ट छापायचा, एवढंच माझं काम. त्या गोडाऊनमध्ये हमाली टनावर होती. हमाल खोक्यासकट, पॅकिंगसकट जे वजन उचलतो त्या एकूण वजनावर.

टेबलमध्ये पाच कॉलम होते: तारीख, गाडी, टोळी, नग, एकूण_वजन. मी 'सिलेक्ट स्टार' लिहिलं, पाचव्या नंबरचा कॉलम उचलला, बेरीज केली आणि वर स्वतःच्या हाताने मथळा टाईप केला, 'एकूण वजन'. प्रोजेक्ट पास झालं. मामा खूश, मीही खूश. होस्टेलच्या मेसमध्ये मित्रांना चहा पाजला.

काही महिन्यांनी मामांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "जरा येऊन जा. टोळीचं भांडण लागलंय."

गेलो तर मुकादम बसलेले. साताऱ्याकडचे, वयाने वडिलांच्या बरोबरीचे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. समोर माझा छापील रिपोर्ट आणि त्यांची स्वतःची वही. त्यांनी एका गाडीवर बोट ठेवलं. आकडे समजायला सोपे करून सांगतो. गाडीत ५०० खोकी, एकेक खोकं साडेबारा किलोचं, म्हणजे ६,२५० किलो व्हायला हवेत. माझा रिपोर्ट म्हणत होता ६,०००.

तात्या म्हणाले, "आरं पोरा, ह्यो आकडा कशाचा? तुझ्या मशीनला इचार की."

मी म्हणालो, "तात्या, वर लिहिलंय ना, एकूण वजन."

"वर तू लिवलंयस. मशीन काय म्हणतंय त्ये इचार."

चूक कुठे होती

रात्री टेबल उघडून बघितलं. मधल्या काळात सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं. त्यात 'निव्वळ_वजन' नावाचा नवीन कॉलम आला होता, आणि तो शेवटी नाही, तर बरोबर 'नग'च्या पुढे. मायएसक्यूएलमध्ये कॉलम वाढवताना 'आफ्टर' लिहून तो हव्या त्या जागी घालता येतो. (पोस्टग्रेसमध्ये नवा कॉलम कायम शेवटीच जातो.) त्यामुळे पाचव्या जागेवर निव्वळ वजन येऊन बसलं आणि एकूण वजन सहाव्या जागेवर सरकलं. माझा प्रोग्राम मात्र मुकाट्याने पाचव्या जागेवरचा आकडा उचलत राहिला.

लक्षात घ्या, एरर आली नाही. दोन्ही कॉलम डेसिमलच. बेरीज बरोबर, छपाई बरोबर, मथळाही माझ्या मते बरोबर, फक्त मथळ्याखालचा आकडा दुसऱ्याच गोष्टीचा. खोक्यामागे अर्धा किलो, ५०० खोक्यांच्या गाडीमागे २५० किलो. अशा ४८ गाड्या धरल्या तर १२,००० किलो, म्हणजे १२ टन माल लोकांनी पाठीवर वाहिला आणि हिशेबात तो आलाच नाही. १२ टनांची हमाली कुणाच्या तरी घरातून गेली. महाराष्ट्रात हमाल-माथाडींच्या मजुरीला आणि कामाच्या अटींना शिस्त लावण्यासाठी १९६९ साली कायदा करावा लागला होता. इथे तर कुणी लबाडीही केली नव्हती. माझी एक आळशी ओळ पुरेशी झाली.

प्रोग्राम कोसळला असता तर बरं झालं असतं, कारण कोसळलेला प्रोग्राम सगळ्यांना दिसतो. चुकीचा आकडा नीटनेटक्या रिपोर्टात बसला की तो खराच वाटतो.

उत्तराबरोबर मथळेही येतात

आता धडा. आपण डेटाबेसला क्वेरी पाठवतो तेव्हा उत्तर म्हणून फक्त ओळी येतात, असा आपला समज असतो. तसं नसतं. ओळींच्या आधी मथळे येतात.

पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. सर्व्हर पहिल्या ओळीच्या आधी 'रो डिस्क्रिप्शन' नावाचा एक संदेश पाठवतो. त्यात प्रत्येक कॉलमचं नाव, तो कुठल्या टेबलमधला, त्या टेबलमध्ये कितवा, त्याचा प्रकार कोणता, साईझ किती, हे सगळं असतं. त्यानंतर एकेक 'डेटा रो' येते. मायएसक्यूएलही आधी कॉलमची संख्या कळवतो, मग प्रत्येक कॉलमची व्याख्या, आणि मग ओळी. म्हणजे तात्यांच्या वहीसारखंच. त्यांच्या वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर रकान्यांची नावं असतात: गाडी, नग, भार. पान उलटलं की आधी मथळे, मग आकडे. सातबारा घ्या, रेशनचं रजिस्टर घ्या, रकान्याचं डोकं झाकलं तर खालच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

थोडक्यात, मेटाडेटा मागायला दुसरी क्वेरी लागत नाही. तो आपल्या दारात येऊन उभाच असतो, आपणच त्याच्याकडे बघत नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. उत्तरात एकही ओळ नसली तरी मथळे येतातच. म्हणून नुसती रचना हवी असेल तर क्वेरीच्या शेवटी 'व्हेअर १ = ०' लावतात. ओळी शून्य, मथळे पूर्ण. ज्या महिन्यात एकही गाडी आली नाही त्याचा रिपोर्टही व्यवस्थित मथळ्यांसह छापता येतो आणि खाली सरकारी पद्धतीने 'निरंक' लिहिता येतं.

जावामध्ये कसं विचारायचं

जेडीबीसी १९९७ साली जेडीके १.१ बरोबर आलं आणि तेव्हापासूनच त्यात 'रिझल्टसेटमेटाडेटा' नावाचा इंटरफेस आहे. वापर अगदी सोपा:

रिझल्टसेट उत्तर = स्टेटमेंट.एक्झिक्यूटक्वेरी(क्वेरी);
रिझल्टसेटमेटाडेटा माहिती = उत्तर.गेटमेटाडेटा();
इंट संख्या = माहिती.गेटकॉलमकाउंट();
फॉर (इंट क = १; क <= संख्या; क++)
    छाप(क, माहिती.गेटकॉलमलेबल(क), माहिती.गेटकॉलमटाईपनेम(क));

('छाप' म्हणजे तुमचं नेहमीचं प्रिंट, जागा वाचवायला लहान केलंय.) मी हे त्या रात्री चालवलं तेव्हा पडद्यावर आलं ते असं:

१ तारीख डेट
२ गाडी व्हारचार
३ टोळी इंट
४ नग इंट
५ निव्वळ_वजन डेसिमल
६ एकूण_वजन डेसिमल

सहा ओळी. टोळीच्या भांडणाचं उत्तर पाचव्या ओळीत. हे पाच मिनिटांचं काम मी प्रोजेक्ट करताना केलं असतं तर मामांचा फोनच आला नसता.

फॉर लूप १ पासून सुरू केलाय तो मुद्दाम. अ‍ॅरेची सवय असल्यामुळे हात आपोआप शून्य टाईप करतो, पण जेडीबीसीमध्ये कॉलम १ पासून मोजतात. शून्य दिलंत तर एसक्यूएलएक्सेप्शन येईल.

याच इंटरफेसमधल्या आणखी काही मेथड माहीत असाव्यात. 'गेटकॉलमटाईप' प्रकाराचा ठरलेला नंबर देते: इंटिजरला ४, व्हारचारला १२, डेटला ९१, टाईमस्टॅम्पला ९३. हे नंबर पाठ करू नका, 'टाईप्स' क्लासमध्ये त्यांची नावं आहेत, ती वापरा. 'गेटप्रिसिजन' आणि 'गेटस्केल' डेसिमलमध्ये एकूण अंक किती आणि दशांश चिन्हानंतर किती ते सांगतात. 'इजनलेबल' या मेथडचं उत्तर हो-नाही असं नसतं. तीन उत्तरं शक्य आहेत: नल चालत नाही (०), चालतं (१) आणि माहीत नाही (२). तिसरं उत्तर विसरून 'इफ-एल्स' लिहिणारे बरेच जण असतात.

नाव वेगळं, लेबल वेगळं

'गेटकॉलमनेम' आणि 'गेटकॉलमलेबल' यात फरक काय? हा व्हायव्हाचा आवडता प्रश्न होऊ शकतो. टेबलमध्ये कॉलमचं मूळ नाव असतं ते नेम. क्वेरीत आपण 'अ‍ॅज' लिहून जे टोपणनाव देतो ते लेबल. 'सिलेक्ट एकूण_वजन अ‍ॅज भार' असं लिहिलं तर नेम 'एकूण_वजन' आणि लेबल 'भार'. 'अ‍ॅज' वापरलं नसेल तर दोन्ही सारखीच.

हा फरक पुस्तकी वाटतो, पण मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरमध्ये ५.१ आवृत्तीपासून गेटकॉलमनेमने टोपणनाव देणं बंद केलं आणि नियमाप्रमाणे मूळ नाव द्यायला सुरुवात केली, तेव्हा जुने प्रोग्राम अडकले. जुनं वागणं परत मिळावं म्हणून ड्रायव्हरमध्ये वेगळी सेटिंग द्यावी लागली. आपल्यासाठी नियम एकच: रिपोर्टच्या मथळ्यासाठी आणि किंमत उचलण्यासाठी नेहमी लेबल वापरा.

बेरीज, सरासरी अशा हिशेबी कॉलमला तर टोपणनाव द्याच. 'सम(एकूण_वजन)' असं नुसतं लिहिलंत तर मायएसक्यूएल तोच सगळा मजकूर लेबल म्हणून देतो, पोस्टग्रेस नुसतं 'सम' म्हणतो आणि एसक्यूएल सर्व्हर नाव मोकळंच ठेवतो. एकच क्वेरी आणि तीन ठिकाणी तीन बारशी!

दोन टेबलं जोडताना आणखी एक खड्डा आहे. टोळीच्या टेबलमध्येही 'नाव' आणि गाडीमालकाच्या टेबलमध्येही 'नाव'. जावात 'गेटस्ट्रिंग("नाव")' म्हटलं की सारख्या नावांपैकी पहिलं जे सापडेल त्याची किंमत मिळते, आणि तक्रार काहीच होत नाही. म्हणजे नावाने मागणंही डोळे झाकून सुरक्षित नाही. क्वेरीतच 'टोळी_नाव', 'मालक_नाव' अशी वेगळी लेबलं द्या. एकाच विंगमध्ये दोन पाटील असले की आपण 'सिव्हिलचा पाटील' आणि 'कॉम्प्सचा पाटील' म्हणतोच की!

मानकोलीचे २१ बाईट

कॉलमची लांबी हा मराठी माणसाने जपून वाचायचा मेटाडेटा आहे. 'मानकोली' हा शब्द युनिकोडमध्ये सात चिन्हांचा: म, काना, न, क, ओकार, ल, वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट खातं. म्हणजे सात गुणिले तीन, २१ बाईट.

आता मायएसक्यूएलमध्ये व्हारचार(२०) म्हणजे २० चिन्हं, त्यात मानकोली आरामात बसते. ओरॅकलमध्ये मात्र व्हारचार२(२०) चा अर्थ, वेगळं काही सांगितलं नसेल तर, २० बाईट. मानकोली बाहेर! ठिकाणाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकून टेस्टिंग करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. नंतर क्लार्कने मराठीत टाईप केलं की कॉलमपेक्षा किंमत मोठी आहे अशी एरर येणार. म्हणून लांबीचा आकडा मिळाला की लगेच विचारा: हा आकडा कशाचा? चिन्हांचा की बाईटचा?

अक्षरांच्या लहान-मोठेपणाचंही तसंच आहे. अवतरणचिन्हाशिवाय दिलेली नावं ओरॅकल मोठ्या लिपीत ठेवतो आणि पोस्टग्रेस लहान लिपीत. लेबलं तपासताना 'इक्वल्सइग्नोरकेस' वापरा.

इतर भाषांत

जावा आवडत नसेल तरी सुटका नाही, कारण सगळीकडे हीच सोय वेगळ्या नावाने आहे.

पायथनमध्ये कर्सरला 'डिस्क्रिप्शन' असतं. प्रत्येक कॉलममागे सात गोष्टी येतात: नाव, प्रकार, दिसण्याची लांबी, आतली लांबी, प्रिसिजन, स्केल आणि नल चालतं की नाही. त्यातल्या पहिल्या दोनच सक्तीच्या. एसक्यूलाइट तर फक्त नाव देतो आणि बाकी सहा जागी 'नन' ठेवतो. त्यामुळे एसक्यूलाइटवर शिकलेल्याने प्रकार तिथून मिळेल अशी आशा धरू नये.

सी शार्पमध्ये डेटारीडरला 'फील्डकाउंट', 'गेटनेम', 'गेटफील्डटाईप' आहेत, आणि नावावरून जागा शोधायला 'गेटऑर्डिनल'. तिथे मोजणी शून्यापासून. एकाच प्रोजेक्टमध्ये जावा आणि सी शार्प दोन्ही असतील तर कपाळाला हात लावायची वेळ इथेच येते.

पीएचपीत 'मायएसक्यूएलआय'ची 'फेच फील्ड्स' वापरा. सीनियरच्या जुन्या जर्नलमध्ये 'मायएसक्यूएल अंडरस्कोर फील्ड नेम' असं सापडेल, ते उतरवू नका. ती जुनी फंक्शन पीएचपी ७ मधून २०१५ साली काढून टाकली आहेत.

मग वापरायचं कसं?

आता मी काय दुरुस्त केलं ते सांगतो. चार गोष्टी केल्या.

पहिली, 'सिलेक्ट स्टार' काढलं. जे कॉलम हवेत त्यांची नावं क्वेरीत स्पष्ट लिहिली. नुसतं एवढं केलं असतं तरी नवा कॉलम कुठेही शिरला तरी माझं उत्तर बदललं नसतं. कॉलम काढला किंवा नाव बदललं असतं तर क्वेरीने तिथेच एरर दिली असती, आणि ती मला हवीच आहे.

दुसरी, रिपोर्ट सुरू होण्याआधी हजेरी. अपेक्षित लेबलांची यादी प्रोग्राममध्ये ठेवली, मेटाडेटातून आलेल्या लेबलांशी एकेक ताडून पाहिली. एक जरी जुळलं नाही तरी रिपोर्ट छापायचा नाही, पडद्यावर कारण लिहून थांबायचं. 'चालवून घेऊ' हे इथे चालत नाही. नुसता प्रकार तपासून भागलं नसतं, हेही लक्षात ठेवा. निव्वळ आणि एकूण दोन्ही डेसिमलच होते, फरक होता तो फक्त नावात.

तिसरी, छापील मथळा माझ्या हाताने लिहिणं बंद केलं. मथळाही मेटाडेटातूनच येतो. आधीच्या रिपोर्टवर असं असतं तर कागदावर 'निव्वळ_वजन' छापून आलं असतं आणि तात्यांनी पहिल्याच महिन्यात ते पकडलं असतं. मथळा एकाचा आणि आकडा दुसऱ्याचा, ही फारकतच मुळात घातक.

चौथी, वेग. ओळी लाखभर असतील तर दर ओळीला नावाने शोधणं थोडं महाग पडतं. त्यावर उपाय म्हणजे 'फाइंडकॉलम'. लूपच्या आधी एकदाच नावावरून जागा शोधायची, ती व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि लूपमध्ये जागेने उचलायचं. जागा वापरणं हा गुन्हा नाही, जागा गृहीत धरणं हा गुन्हा.

मेटाडेटाचा आणखी एक चांगला उपयोग सांगतो. समजा वापरणाऱ्याला कुठल्याही कॉलमप्रमाणे यादी लावायची मुभा द्यायची आहे. 'ऑर्डर बाय'च्या पुढे कॉलमचं नाव प्रश्नचिन्हाने देता येत नाही, कारण प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं प्रश्नचिन्ह किमतीसाठी असतं, नावासाठी नाही. मग मुलं सरळ स्ट्रिंग जोडतात आणि एसक्यूएल इंजेक्शनला आमंत्रण देतात. त्याऐवजी आलेलं नाव मेटाडेटातल्या लेबलांच्या यादीत आहे का ते बघा, आणि असेल तर त्या यादीतलंच नाव क्वेरीत घाला. यादीत नसलेल्याला दारातून परत पाठवा, आपले वॉचमन काका रात्री दहानंतर पाठवतात तसं.

मेटाडेटा काय सांगत नाही

इतकी स्तुती केल्यावर मर्यादाही सांगायला हवी. मेटाडेटाने सांगितलं की कॉलम 'वजन', डेसिमल, दहा अंक, त्यात तीन दशांश. पण ते वजन किलोत की क्विंटलमध्ये, खोक्यासकट की खोक्याशिवाय, हे तो सांगत नाही. ते कॉलमला नाव देणाऱ्याने सांगायचं असतं. म्हणून टेबल बनवताना 'वजन१', 'वजन२' असली नावं ठेवू नका. 'एकूण_वजन_किलो' लांब वाटेल, पण कुणाची तरी मजुरी वाचवेल.

शिवाय सगळे ड्रायव्हर सगळं सांगत नाहीत. 'गेटटेबलनेम' विचारलं की ओरॅकलचा ड्रायव्हर रिकामी स्ट्रिंग हातात ठेवतो. म्हणून आपल्या डेटाबेसवर, आपल्या ड्रायव्हरवर एकदा करून पाहावं आणि मगच विसंबावं.

आणि ही काही मानकोलीपुरती गोष्ट नाही. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी व्हॅट आला. १ जुलै २०१७ ला व्हॅट जाऊन सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आले, म्हणजे एका रकान्याचे तीन झाले. असे बदल होतच राहणार. आपण लिहिलेला प्रोग्राम आपण पास आउट झाल्यावरही चालत राहणार आणि टेबल आपल्याला न विचारता बदलणार, हे धरूनच लिहायला हवं.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. रिलेशनल मॉडेलचे जनक एडगर कॉड यांनी १९७० च्या आपल्या मूळ लेखातच म्हटलं होतं की वापरणाऱ्याला रकान्यांचा क्रम लक्षात ठेवायला लागू नये, त्याने नावानेच काम करावं. १९८५ साली त्यांनी जे बारा नियम सांगितले त्यातला चौथा म्हणतो की डेटाबेसची स्वतःची माहितीही साध्या डेटासारखीच विचारता आली पाहिजे. नियम आपण घोकतो, पेपरात लिहितो, आणि लॅबमध्ये पाचवा कॉलम उचलतो!

शेवटी

दुरुस्त केलेला प्रोग्राम जुन्या महिन्यांवर परत चालवला. प्रत्येक गाडीचा फरक काढला आणि तात्यांच्या वहीशी जुळवला. मामांनी मालकांसमोर कागद ठेवला, चूक माझ्या प्रोग्रामची आहे हे मी स्वतः सांगितलं. सांगताना कान गरम झाले होते. पुढच्या हिशेबात फरकाचे पैसे धरले गेले. टोळीतले दोघे तोपर्यंत गावी निघून गेले होते, त्यांचे पैसे तात्यांनी स्वतः नेऊन पोचवले.

निघताना तात्यांनी नवा रिपोर्ट हातात घेतला. आकड्यांकडे बघितलंच नाही. आधी वरची ओळ बोट ठेवून वाचली, एकेक रकाना. मग म्हणाले, "आता वाचतो खालचं."

तर मित्रहो, या आठवड्यात एवढंच करा. आपल्या मिनी प्रोजेक्टमधली कुठलीही एक क्वेरी घ्या, वरचा लूप लावा आणि मथळे छापून बघा. जिथे जिथे नंबरने कॉलम उचलला असेल तिथे थांबा आणि तात्यांचा प्रश्न विचारा: हा आकडा कशाचा? उत्तर मेटाडेटाकडून आलं तर ठीक. नुसतं तुमच्या आठवणीतून आलं तर रात्र जागवावी लागली तरी चालेल, पण दुरुस्त करा. सबमिशनच्या आदल्या रात्री नाहीतरी आपण जागेच असतो!